तोंडाला लावून बघितल्याशिवाय

४ फेब्रुवारी, दुकान

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पुढे पुलाचं चित्र, मागे एक ओळ: 'बाबांचा एक पाईप पाठव. कुठलाही चालेल.' खाली सही नाही. अक्षरावरून ओळखलं. तुझा 'ठ' अजून तसाच पोट पुढे काढून बसतो.

बाबा गेल्याचं कळवलं होतं तेव्हा तुझ्याकडून काहीच आलं नाही. मला वाटलं पत्ता बदलला असेल. पत्ता तोच आहे, हे कळलं एक बरं झालं.

आता तुझ्या कार्डाबद्दल. 'कुठलाही चालेल' हे या दुकानात चालत नाही, हे तुला मी सांगायचं का? गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. नवरा निवृत्त होतोय, त्याला पाईप द्यायचाय, म्हणाल्या, "कुठलाही दाखवा." म्हणलं, ते बोलताना पाईप तोंडात ठेवतात की काढून हातात घेतात? "म्हणजे?" म्हणलं, तोंडात ठेवून बोलत असतील तर हलका लागेल, थोडा वाकलेला, म्हणजे वजन हनुवटीवर येतं. काढून बोलत असतील तर सरळ चालेल, जडही चालेल, हातात शोभतो. शिवाय दात स्वतःचे आहेत की बसवलेले? बसवलेल्या दातांना जड पाईप झेपत नाही, सगळी कवळीच पुढे येते. बाई म्हणाल्या, "अहो, मी पाईप घ्यायला आलेय, लग्न जमवायला नाही." शेवटी सरळ घेऊन गेल्या, नवऱ्याला बसला नाही तर परत आणायच्या बोलीवर. जाताना म्हणाल्या, बोलताना काय करतात ते आठवतच नाहीये.

तेव्हा मला सांग. सरळ की वाकडा? जड की हलका? तू ओढणार आहेस की नुसता ठेवणार आहेस? काय अजिबात चालणार नाही, तेही सांग. आवडीपेक्षा ते आधी कळलेलं बरं असतं. बाबांचे स्वतःचे सात आहेत. गिऱ्हाइकांचे वेगळे, त्यांना हात लावत नाही.

आणि एक अडचण आहे. दारावरची पाटी आठवते का? 'पाईप तोंडाला लावून बघितल्याशिवाय नेऊ नये.' कप्तान म्हणतात ती तूच रंगवली होतीस. पाटी अजून आहे आणि नियमही. दुकानातून पाईप पोस्टानं जात नाही. माणूस येतो, तोंडाला लावतो, दातांखाली बसतो का बघतो, मग नेतो.

म्हणजे घाई काही नाही. सवडीनं.

तुझा भाऊ

ता. क. कप्तान म्हणजे फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे ते. बोट कधी चालवली नाही, पण टोपी अजून आहे. रोज दुपारी येऊन बसतात, विकत काही घेत नाहीत.


१९ फेब्रुवारी, दुकान

ताई,

या वेळी पाच ओळी. प्रगती आहे.

'ओढणार नाही. वाकडा नको. वाकड्यात पाणी साचतं आणि गुळगुळ आवाज येतो. बाबा मधेच थांबायचे आणि तो आवाज यायचा, मला वाटायचं आता काहीतरी म्हणतील. पोस्टानेच पाठव.'

शेवटची ओळ मी वाचली नाही असं समज.

आवाजाचं मला आठवत नाही. मला वास आठवतो. पण तू म्हणालीस तेव्हापासून कानात तोच आवाज आहे. काल एका गिऱ्हाइकानं त्याचा वाकडा पाईप ओढून दाखवला, 'बघा, ओढायला जड जातोय,' तर त्यात गुळगुळ झालं आणि मी उगाच पुढे वाकलो. तो म्हणाला, "काय झालं?" म्हणलं, काही नाही, पाणी साचलंय.

तर वाकडे गेले. तीन कमी झाले. चार उरले, सगळे सरळ. एक लांब दांडीचा, पत्र वाचताना ओढायचे तो. एक चांदीच्या पट्टीचा, दुकानात गिऱ्हाइकांसमोर कायम तोंडात असायचा तोच. एक कुणीतरी भेट दिलेला, डबीतून फारसा निघालेला नाही. एक ठेंगू.

कप्तानांना तुझं पत्र वाचून दाखवलं. रागावू नकोस, दुपारी दुकानात दुसरं कुणी नसतं. ते म्हणाले, "ओढणारच नाही तर सरळ-वाकडं कशाला बघतेय? भिंतीवर लावायला दोन्ही सारखेच."

म्हणलं, तिला विचारतो.

"विचार. आणि माझं पण विचार, माझी आठवण आहे का. पलीकडच्या धक्क्यापर्यंत फुकट नेत होतो तिला बोटीनं."

"तिकीट तुम्ही फाडत होता, बोट दुसरा चालवत होता."

"फाडलं नाही ना तिचं? मग मीच नेलं."

तर विचारतोय. तुला चांदीची पट्टी चालेल का? लांब दांडी चालेल का? तोंडाची नळी कशी हवी, जाड की पातळ? कप्तान आठवतात का? आणि तिकडे तू नक्की काय करतेस? कार्डावरच्या पुलावरून रोज जावं लागतं का, की नुसतंच चित्र?

शेवटचे दोन प्रश्न पाईपशी संबंधित नाहीत. सोडून दिलेस तरी चालतील.

भाऊ

ता. क. वरच्या घरात आता मी एकटाच. तुझ्या खोलीत लाकडाचे ठोकळे ठेवलेत, पण खिडकीकडची बाजू मोकळी आहे.


६ मार्च, दुकान

ताई,

तुझं पत्र काल आलं आणि मी ते जेवण होईपर्यंत उघडलं नाही. कुणाचं पत्र आलेलं असताना जेवायची वेळ फार दिवसांनी आली होती.

तुझे नकार लिहून ठेवण्यासारखे आहेत. 'पट्टी नको. चांदीच्या पट्टीखाली बहुतेक वेळा तडा असतो, लोक शोभा समजतात.' अगदी बरोबर आहे, बाबांच्या पट्टीखाली तडाच आहे. हे तुला कसं माहीत? 'भेट मिळालेला नको, त्यात बाबांची निवड नाही. लांब दांडी नको, ती दिमाखाला असते. कंपनीची तयार नळी नको. नळी हातानं कापलेली हवी.'

एवढं काटेकोर बोलणारं गिऱ्हाईक मला वर्षभरात भेटलेलं नाही. आपल्याकडे येणारे लोक रंग बघतात. एक जण आरशासमोर उभा राहून पाईप निवडतो, टोपी निवडावी तसा. तू न बघता, इतक्या लांबून, सातातले एकेक बाजूला काढतेयस.

पुलावरून रोज जातेस आणि एका दवाखान्यात कवळ्या बनवतेस, हे वाचून मी मोठ्यानं हसलो. म्हणजे आपण दोघं दातांवरच जगतो. तू दात बसवतेस, मी पाईपवरचे त्यांचे वळ काढतो. कप्तानांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझी वरची सैल झालीय म्हणावं." ते तुला आठवतात म्हणालीस, ते सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून परत घातली.

आता दोन उरलेत. त्यातला एक ठेंगू. दिसायला अगदी यथातथा आहे. तंबाखू भरायची वाटी बुटकी, बुडाशी लाकडातच एक खळगा, त्यामुळे विकायला निघाला नसता. नळी काळ्या कडक रबराची, हातानं कापलेली, जरा जाडच. धूर येण्याची फट मधोमध नाही, केसभर डावीकडे सरकलेली. मी एकदा बाबांना विचारलं होतं ही कुणी कापली. 'दुकानातलीच आहे' म्हणाले आणि दिवा पुसायला लागले.

दुसऱ्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो. घाईनं ठरवू नकोस. नीट विचार कर. अजून काय चालणार नाही ते आठव.

भाऊ


११ मार्च, दुकान

ताई,

तुझं उत्तर यायच्या आतच लिहितोय. दोन उरलेत म्हणालो ते खोटं होतं. एकच उरला होता. तुझ्या नकारांतून ठेंगूच वाचला. पण एकच उरला म्हणलं असतं तर तू 'मग तो पाठव' म्हणाली असतीस आणि मी तो पाठवला असता, आणि मग काय लिहायचं होतं आपण?

हे असं जास्त दिवस चालणार नाही, ते मला कळतं. म्हणून आज ठरवलं. तुला सुखद धक्का द्यायचा. ठेंगू पोस्टानंच पाठवतो, नियम गेला खड्ड्यात. पण या दुकानातून घाणेरडा पाईप बाहेर जाणार नाही. तेवढी आपली अब्रू आहे.

सकाळपासून त्याच्यावरच बसलोय. नळी उन्हापावसानं हिरवट पडली होती. आधी पाण्यात ओली करून बारीक कागदानं घासली. गंधकाचा वास सुटला, तो वास तुला आठवत असेल तर आठवत असेल. मग दातांचे वळ काढले. उजवीकडे दोन होते, वर एक, खाली एक, चांगले खोल, वाटाण्याचा अर्धा दाणा बसेल एवढे. हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं. गरम हवा लावली की रबर हळूहळू फुगतं आणि खड्डा आपसूक वर येतो. कुठलीही भर घालावी लागत नाही. रबराला आपला मूळ आकार धरून ठेवायची सवय असते. जन्मभर कुणी चावलेलं असो, दोन मिनिटं ऊब दिली की चावलं नव्हतंच कधी. मग कानस, मग बारीक कागद, मग चाकावर पॉलिश. आता नळीत खिडकी दिसते.

उद्या वाटी आतून खरवडायची, दारूत भिजवून वास घालवायचा, आणि सोमवारी पोस्ट. नव्यासारखा मिळेल तुला.

कप्तान बघत बसले होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं.

भाऊ


१२ मार्च, दुकान

ताई,

कालचं पत्र पोस्टात टाकलं नव्हतं. पाकीट संपलं होतं. आज पाकीट आणायला निघालो आणि दारातच पोस्टमननं तुझं पत्र हातात दिलं.

तुझं पत्र समोर आहे. ते मी तुलाच परत लिहून पाठवतोय याला काही अर्थ नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाहीये.

'ठेंगू उरला असेल. मला पहिल्यापासून तोच हवा होता, पण तोच हवा असं म्हणवत नव्हतं. त्याची नळी मी कापलीय. तू तेव्हा लहान होतास. मागच्या खोलीत बसून दुकानातल्या निम्म्या नळ्या मीच कापायचे. गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. मला पुढे बसायचं होतं, बाबा म्हणायचे बघू. एक दिवस एक गिऱ्हाईक ठेंगूची नळी बोटानं चाचपून म्हणालं, वा, हात कुणाचा? मी दाराआड होते, कानस हातात. बाबा म्हणाले, माझा. मी थांबले, म्हणलं तो गेल्यावर मला काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. त्या आठवड्यात मी गेले. लोक म्हणतात एवढ्यावरून कुणी घर सोडतं का. तुला काय वाटतं ते तू ठेव. मला फक्त एक कळायला हवंय. नंतर त्यांनी तो ओढला का, की ड्रॉवरमधे टाकला. नळीवर त्यांचे दात असतील तर ओढला. उजवीकडे असतील, डावी दाढ त्यांनी काढली होती. ड्रॉवरमधे टाकला असेल तर तसं सांग आणि पाठवूही नकोस. आणि काही साफ करू नकोस. आहे तसा दे.'

ताई, नळी माझ्या पुढ्यात आहे आणि तिच्यात खिडकी दिसतेय.

कालचं पत्र फाडणार होतो. मग वाटलं, त्यात काय होतं ते लिहिलंय, आणि तू विचारायच्या आधी लिहिलंय. उजवीकडे दोन, वर एक, खाली एक. मला तुझं काहीच माहीत नव्हतं तेव्हा लिहिलंय. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घालतोय. बाकी माझ्याकडे दाखवायला काही नाही. दात होते, ते मी माझ्या हातानं वर आणले, आणि आणताना मला मजा वाटत होती.

वाटी मात्र तशीच आहे. हात लावलेला नाही, लावणारही नाही. आत कोळशाचा थर आहे, तो एका-दोन वर्षांचा नाही. माझी करंगळी जेमतेम जाते. तू बोट घातलंस तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आज पाईप पाठवत नाही. अजून एक गोष्ट आहे, ती लिहावी की नाही ते ठरत नाहीये.

भाऊ


१५ मार्च, वर, घरी

ताई,

पाईप या पत्रासोबत आहे. खोक्यात जुने मोजे भरलेत, ते बाबांचे नाहीत, माझे आहेत, धुतलेले.

राहिलेली गोष्ट.

बाबांनी ठेंगू ओढला. रोज ओढला. पण दुकानात कधीच नाही. दुकानात तोंडात पट्टीवाला. गिऱ्हाईक गेलं, शटर अर्धं ओढलं, की मागच्या जिन्यावर जाऊन बसायचे, चौथ्या-पाचव्या पायरीवर, जिथे भिंतीचा रंग उडालाय. तिथे ठेंगू. मला वाटायचं दिसायला बरा नाही म्हणून लोकांसमोर काढत नाहीत. मी तसंच धरून चाललो होतो, इतकी वर्षं.

हे मी गाळणार होतो. 'रोज ओढला' एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं आणि ते खोटंही नसतं. काल कप्तानांना विचारलं, गाळू का.

ते म्हणाले, "तुझा बाप लोकांसमोर चांदी तोंडात धरायचा आणि एकटा असला की पोरीची नळी. मी जिन्यात त्याच्याशेजारी बसलोय. एकदा म्हणलं, दे मला एक झुरका. तर म्हणाला, हा कुणाला देत नाही."

म्हणलं, मग तुम्ही त्यांना बोलला का नाहीत काही, तिच्याबद्दल?

"काय बोलणार? त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तो ओढत होता, मी बघत होतो."

"त्या दिवशी मी नळी तापवत होतो तेव्हा तरी बोलायचं."

"तू एवढा खुशीत होतास. म्हणलं, पोरगं बऱ्याच दिवसांनी शीळ घालतंय."

मी शीळ घालत होतो, हे मला माहीत नव्हतं.

तर हे असं आहे. त्यांनी तो ओढला आणि लपवून ओढला. यातलं कुठलं मोठं ते मला ठरवता येत नाही. मी त्यांच्या बाजूनं बोलत नाहीये. शेवटी शेवटी छातीमुळे ओढणं बंद झालं, तेव्हा नुसताच तोंडात धरून बसायचे, रिकामा. जिना उतरवत नव्हता तर मी खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ठेवायचो. तेव्हाही त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं.

तू गेलीस त्याचं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून आलो तर तुझी खोली झाडलेली होती. बाबा म्हणाले ताईला नोकरी लागली. मला बुटाची नाडी बांधता यायची नाही, ती तू बांधायचीस. दुसऱ्या दिवशी मी चपला घालून शाळेत गेलो. बस एवढंच, याच्यावर तू काही म्हणायला हवं असं नाही.

या पत्रात एकही प्रश्न नाही. मुद्दाम. आतापर्यंतचे सगळे प्रश्न कशासाठी होते ते तुला कळलंच असेल, दात बघणारी आहेस.

भाऊ


८ एप्रिल, दुकान

ताई,

खोकं पोचलं असेल. पोस्टातल्या माणसानं सांगितलं की पोचलं, सहीसुद्धा आहे म्हणाला. म्हणजे तू सही केलीस. मला पाठवलेल्या कार्डावर करत नाहीस, पोस्टाला देतेस.

उत्तर मागत नाहीये. इकडचं सांगायला लिहितोय.

त्या बाई परत आल्या होत्या, नवरा निवृत्त झाला त्या. पाईप परत आणला. "बसत नाही का?" म्हणलं. म्हणाल्या, "बसतो. पण तुम्ही विचारलं होतं ना, बोलताना तोंडात ठेवतात की काढतात. मी महिनाभर बघतेय. ते बोलतच नाहीत." मग त्या आणि कप्तान बराच वेळ बोलत बसले, मी दोघांना चहा दिला. पाईप परत घेतला नाही मी. म्हणलं, ठेवा, बोलतील.

पट्टीवाल्याची पट्टी काढली. खाली तडा आहे, तू म्हणालीस तसा, दांडीच्या तोंडापासून अर्ध्या बोटापर्यंत. तसाच उघडा ठेवून दिलाय खिडकीत. एकानं किंमत विचारली. म्हणलं, तडा गेलाय. तो म्हणाला, तर मग खिडकीत कशाला ठेवलाय?

तुझ्या खोलीतले ठोकळे खाली आणले. तसंही वर दमट व्हायचे.

संध्याकाळी जिन्यात बसून बघितलं, चौथ्या पायरीवर. तिथून फक्त समोरची भिंत आणि पाण्याचा नळ दिसतो. एवढ्यासाठी ते रोज कसे बसायचे, कोण जाणे.

भाऊ


३० एप्रिल, दुकान

ताई,

आज खोकं परत आलं. माझंच खोकं, माझेच मोजे, वर तुझ्या अक्षरात आपला पत्ता. पोस्टमननं टेबलावर ठेवलं आणि मी उघडलं नाही. म्हणलं संपलं. तिला नको, लपवून ओढलेला नको, बरोबरच आहे तिचं. कप्तान म्हणाले, "उघड." म्हणलं, उघडून काय करू, काय आहे ते माहीत आहे. "मग मी उघडतो." त्यांनी त्यांच्या चावीनं दोरा तोडला.

ठेंगू होता आणि तुझी चिठ्ठी. कप्तानांना चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे मीच वाचली, उभ्यानं.

'नळी तापवताना आच दांडीत शिरणाऱ्या खुंटीपर्यंत गेलीय. खुंटी आकसली, दांडीत सैल बसते, तोंडात धरला की वाटी फिरते. तापवताना खुंटीला ओलं फडकं गुंडाळतात. बाबांनी शिकवलं नाही का? की मी गेल्यावर त्यांनाही आठवलं नाही? वाटीत बोट घातलं. थर डावीकडे जाड आहे, म्हणजे उजवीकडूनच पेटवायचे, मरेपर्यंत सुधारले नाहीत. बरीच वर्षं आहेत त्यात. दुरुस्त करून ठेव. पोस्टाने पाठवू नकोस. तोंडाला लावून बघितल्याशिवाय मी घेत नाही.'

कप्तानांनी विचारलं, "काय म्हणते?"

म्हणलं, खुंटी सैल झालीय म्हणते.

"मग? कर की घट्ट."

केली. नळीला ओलं फडकं गुंडाळलं, खुंटी तेवढी बाहेर. तापवली, तिच्या भोकात बारीक निमुळती सळई हलकेच सरकवली, केसभर फुगली, थंड होऊ दिली, बसवून बघितली. आता फिरवताना अंगठ्याला जोर लागतो. आणखी घट्ट केली असती तर दांडीला तडा जायचा.

फडकं गुंडाळताना नळी खिडकीकडे धरली तर तोंडाकडच्या बाजूला एक वळ दिसला. माझ्या पॉलिशवर. मधोमध, समोरच्या दातांचा, अरुंद, अगदी हलका, म्हणजे कुणीतरी रिकामाच तोंडात धरला होता आणि बराच वेळ धरला होता. तो मी काढलेला नाही. त्याला आच लागू नये म्हणून फडकं दोनदा गुंडाळलं.

तयार पाईपच्या स्टँडवर ठेवलाय. खिडकीत नाही, ऊन लागतं. स्टँडवरच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो आपण, तिथे 'ताई' लिहिलंय.

आता जे झालं ते सांगतो, नाहीतर तुला दुसरीकडून कळेल. दुपारी दुकानात माणसं होती. कप्तान होते, त्या बाई होत्या, आणि या खेपेला नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. नवरा उंच, शांत, पाईप तोंडात, पेटवलेला नाही. तो स्टँडपाशी गेला, ठेंगू बघितला, विचारल्याशिवाय उचलला नाही, नुसतं नळीवरून बोट फिरवलं. आणि पाईप तोंडातून काढून हातात घेतला आणि म्हणाला, "हात कुणाचा आहे?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना त्याच्या बोलण्याचंच नवल वाटलं असणार.

मी म्हणलं, "माझ्या ताईचा. नेहमी मागे बसायची, म्हणून तुम्ही बघितली नसेल. येतेय ती पाईप न्यायला."

येतेय असं तू लिहिलेलं नाहीस, मला माहीत आहे. पण चार माणसं होती, आणि तोंडातून गेलं.

भाऊ